चक्र आणि आस : चक्राकार अर्थव्यवस्थेच्या टिकाऊपणाचा एक ऐतिहासिक विचार

१. संज्ञा आणि प्रश्न

‘चक्राकार अर्थव्यवस्था’ ही संज्ञा मराठीत अलीकडे आली आणि शासकीय अहवाल व पर्यावरणविषयक लेखन यांतून ती रुळत गेली. वस्तू घ्यावी, वापरावी आणि टाकून द्यावी, ही एकरेषीय रीत सोडून टाकलेल्यातून पुन्हा उपयुक्त वस्तू घडवावी आणि द्रव्याचा प्रवाह शक्यतो आतल्या आत फिरता ठेवावा, असा तिचा थोडक्यात आशय आहे. या कल्पनेची औपचारिक वंशावळ फार जुनी नाही. १९६६ साली केनेथ बोल्डिंग यांनी पृथ्वीला अंतराळयानाची उपमा देऊन अमर्याद कुरणांवर विसंबणारी अर्थरचना यापुढे चालणार नाही, असे प्रतिपादन केले. १९७६ साली वॉल्टर श्टाहेल आणि जेनेविएव रेडे यांनी युरोपीय आयोगासाठी लिहिलेल्या अहवालात दुरुस्ती व पुनर्वापर यांतून ऊर्जेची बचत आणि श्रमाची मागणी यांचा मेळ घातला. १९९० साली डेव्हिड पीअर्स आणि केरी टर्नर यांच्या ग्रंथाने या विचाराला अर्थशास्त्रीय परिभाषा दिली. पुढे चीनने २००८ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि तो १ जानेवारी २००९ पासून अमलात आला. युरोपीय संघाने २०१५ आणि २०२० साली आपले कृती-आराखडे जाहीर केले.

या वंशावळीच्या शेजारी एक अनौपचारिक वंशावळही सांगितली जाते. आपल्याकडे हे सारे पूर्वापार होतेच, असे तिचे म्हणणे असते. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, उरल्यासुरल्या कपड्यांवर बोहारीण भांडे देई, शेणाची गोवरी आणि उकिरड्याचे खत होई, मोडीची भांडी तांबटाकडे जात. हे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धे आहे. चक्र फिरत होते एवढेच ते सांगते. कोणाच्या बळावर फिरत होते, ते कोठे अडखळले आणि का थांबले, हे सांगत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय हा उरलेला अर्धा भाग आहे.

चक्राकार धोरणाच्या टिकाऊपणाचे मोजमाप सामान्यतः दोन अंगांनी केले जाते. पहिले अंग द्रव्याचे : किती पदार्थ परत आला आणि किती वाया गेला. दुसरे विनिमयाचे : परतीचा हा प्रवास किफायतशीर ठरतो का, आणि त्यामुळे नव्या उत्पादनाची गरज खरोखर घटते का. इतिहासाकडे पाहू लागलो की तिसरे अंग पुढे येते, ते माणसाचे. टाकलेली वस्तू आपोआप परत येत नाही. कोणीतरी ती उचलते, वेगळी करते, धुते, सोलते, कुजवते. हे ‘कोणीतरी’ कोण असावे, हे जी व्यवस्था ठरवते तिचा टिकाऊपणाही मोजावा लागतो. या तिन्ही कसोट्या पुढे दख्खनचे गाव, तोकुगावा काळातील एदो नगर, इंदूर-वर्ध्याचे प्रयोग आणि आजचा भंगारव्यवसाय यांना लावून पाहिल्या आहेत.

२. गावगाडा

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातील अनुभवाचा आधार असलेले हे लेखन मराठी गावाच्या अर्थरचनेचे आजही मूलभूत साधन मानले जाते. शीर्षकातील रूपक लक्षात घेण्याजोगे आहे. गाव हा गाडा आहे. तो चालतो, पण तो कोणीतरी ओढतो. आत्रे यांनी या व्यवस्थेची स्तुतिस्तोत्रे गायिलेली नाहीत. बलुतेदार, अलुतेदार आणि फिरस्ते यांचा कुणब्याच्या राशीवर पडणारा बोजा हा त्यांच्या विवेचनाचा मुख्य धागा आहे. गावाच्या स्वयंपूर्णतेचे गोड चित्र काढण्यासाठी त्यांचा आधार घेणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

द्रव्याच्या अंगाने पाहता या गाड्यात चक्रे होती, यात शंका नाही. कडबा बैलाच्या दावणीत जाई, शेण उकिरड्यावर आणि उकिरडा शेतात. उकिरड्याचीही बारा वर्षांनी दैना फिटते, ही म्हण ज्या समाजात रूढ झाली त्याला टाकाऊ गोष्टीचे मोल ठाऊक होते. सर्वांत बोलके चक्र मोटेचे होते. विहिरीचे पाणी उपसणारी मोट कातड्याची असे. मेलेल्या जनावराचे कातडे कमावून तिची पखाल शिवली जाई आणि तीच मोट दुसरी बैलजोडी ओढी. वादी, नाडा, आसूड, वहाणा हे सारे त्याच कातड्याचे. एका जनावराच्या मरणातून दुसऱ्याच्या कामाचे साधन तयार होई आणि त्या पाण्यावर पिकलेला कडबा पुन्हा दावणीत येई.

या चक्राचा मधला टप्पा मात्र जन्माने नेमलेला होता. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणे हे महारांचे काम; कातड्याचे पुढचे काम चांभार, ढोर यांचे; दोरखंडाचे काम मांगांचे. मोबदला खळ्यावरच्या बलुत्याच्या रूपाने मिळे. कातड्यावर हक्क कोणाचा, हे गावोगाव वेगवेगळे असे आणि त्यावरून तंटे होत. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या महारांच्या बावन्न हक्कांमागे हीच ओढाताण आहे. मृत जनावराचे मांस हाही मोबदल्याचाच भाग धरला जाई. बलुत्याचे धान्य अपुरे पडे, म्हणून ते मांस खाल्ले जाई; आणि ते खाल्ले जाते, म्हणून खाणारा अस्पृश्य, असा उलटा न्याय लावला जाई. द्रव्याच्या चक्राला चिकटून अप्रतिष्ठेचे दुसरे चक्र फिरत होते.

विनिमयाच्या अंगाने हा गाडा वाटतो तितका बंदिस्त राहिला नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि बंदरे यांमुळे कातडी, हाडे आणि तेलबिया गावाबाहेर व देशाबाहेर जाऊ लागल्या. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले यांनी डोंगरउतारावरचा पालापाचोळा, मेलेल्या कीटक-श्वापदांचे कुजलेले सत्त्व वळवाच्या पावसाने शेतात न मुरता ओढ्यानाल्यांत वाहून जाते, याकडे लक्ष वेधले आणि ते अडवण्यासाठी लष्करी व पोलीस शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, असे सुचवले. जंगलखात्याने चराऊ राने बंद केल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांवर आणि पर्यायाने खतावर आलेले संकटही त्यांनी नोंदवले. दहा वर्षांनी, १८९३ साली, जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाचा भारतीय शेतीविषयीचा अहवाल आला. सरपणाच्या अभावी जळणारे शेण आणि निर्यात होणारी हाडे व तेलबिया यांची त्यानेही चर्चा केली. एक सत्यशोधक विचारवंत आणि एक सरकारी तज्ज्ञ वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचले होते : मातीतून निघालेले मातीत परत जात नव्हते.

दुष्काळाच्या काळात तर चक्राचे गणित उलटे होई. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत चाऱ्यावाचून गुरे मोठ्या प्रमाणात मेली आणि कातड्यांची निर्यात वाढली. टाकाऊ द्रव्याची उलाढाल जेव्हा सर्वाधिक होती, तेव्हा गाव मोडत होते. आजच्या धोरणचर्चेला यातून एक साधा इशारा मिळतो. परत फिरणाऱ्या द्रव्याचे प्रमाण वाढले म्हणजे व्यवस्था निरोगी झाली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

३. एदो : मूल्य आणि विटाळ

चक्राकार अर्थव्यवस्थेच्या लेखनात तोकुगावा काळातील (१६०३-१८६८) जपानचा दाखला वारंवार येतो. अठराव्या शतकात सुमारे दहा लाख वस्तीचे एदो, म्हणजे आजचे तोक्यो, आपला मैला आसपासच्या शेतांना पुरवत असे आणि त्या शेतांतून भाजीपाला शहरात येई. मैल्याला दर होता. घरमालक आणि शेतकरी यांच्यात करार होत. दर चढले की शेतकऱ्यांची गावे एकत्र येऊन तक्रारी करीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस एदोच्या परिसरातील गावांनी दर उतरवण्यासाठी केलेले अर्ज प्रसिद्ध आहेत. शहरातले सांडपाणी आणि रोगराई यांच्या तुलनेत तत्कालीन युरोपीय नगरांपेक्षा एदोची स्थिती बरी होती, असे अभ्यासक मानतात, त्याचे एक कारण ही खरेदी-विक्री होती.

भारतीय वाचकाला येथे एक फरक ताबडतोब जाणवतो. आपल्याकडे मैला वाहणे हे विशिष्ट जातींच्या माथी मारलेले काम होते. जपानमध्ये सामान्य शेतकरी तो विकत घेऊन स्वतः वाहून नेत. विटाळ पदार्थात असता तर तो दोन्हीकडे सारखाच दिसला असता. पण याच जपानमध्ये मृत जनावरे आणि कातडे यांचे काम जन्माने बांधलेल्या गटाकडे होते. ‘एता’ या हीनत्वदर्शक नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या या लोकांचे आजचे वंशज बुराकुमिन म्हणून ओळखले जातात. एकाच समाजात एक टाकाऊ पदार्थ बाजारात गेला आणि दुसरा जन्माशी जखडला गेला. म्हणजे घृणा कोणत्या पदार्थाला चिकटवायची, हे समाजरचना ठरवते, पदार्थाचे गुणधर्म ठरवत नाहीत. दख्खन आणि जपान यांची तुलना या मुद्द्यापाशी सर्वाधिक उपयुक्त ठरते.

१८७१ साली मेजी शासनाने मृत जनावरांवरचा या गटाचा परंपरागत हक्क आधी रद्द केला आणि त्याच वर्षी पुढे त्यांची हीन संज्ञा कायद्याने काढून टाकली. हक्क गेला, त्याबरोबर उत्पन्न गेले. कलंक मात्र राहिला. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे सुइहेइशा ही संघटना स्थापन झाली, ती या उरलेल्या कलंकाविरुद्ध. शिमाझाकी तोसोन यांच्या ‘हाकाइ’ (१९०६) या कादंबरीत आपला जन्म लपवणारा शिक्षक उशिमात्सु हा ज्या बैलाने आपल्या गुराखी बापाचा जीव घेतला त्याची कत्तल कत्तलखान्यात उभा राहून पाहतो. तेथे काम करणारे त्याच्याच समाजाचे आहेत, आणि हे त्याला उघड म्हणता येत नाही. कातड्याच्या चक्राचे हे दर्शन कोणत्याही आर्थिक तक्त्यात मिळणार नाही.

एदोचे चक्रही बंदिस्त नव्हते. शेतीचा जोर वाढला तसे मैला पुरेनासा झाला आणि सुकवलेल्या माशांचे खत दूरवरून येऊ लागले. त्यातील हेरिंग माशांचे खत उत्तरेच्या एझो बेटावरून, म्हणजे आजच्या होक्काइदोवरून येई आणि त्यामागे आयनू लोकांचे राबवून घेतलेले श्रम होते. केंद्रातले चक्र फिरते ठेवण्यासाठी परिघावर एकरेषीय लूट चालली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहर फुगले, अन्य खते आली आणि मैल्याचा भाव कोसळला. एकेकाळी मैल्याचे पैसे घेणाऱ्या घरांवर तो नेण्यासाठी पैसे देण्याची पाळी आली. विनिमयाच्या कसोटीवर एदोचे चक्र दोन-अडीच शतके टिकले आणि पुढे दर पालटताच मोडले.

४. नकार

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे ती इतिहासात अजरामर झाली. परंतु त्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढणे आणि मृत मांस खाणे सोडून द्या, असेही आवाहन केले होते. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’मधून त्यांनी महार वतनाची चिकित्सा केली आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा की, वतन हे उत्पन्नाचे साधन दिसत असले तरी ते वतनदाराला अनिश्चित मोबदल्यावर अमर्याद सेवेला बांधून ठेवते आणि गावाच्या कृपेवर जगायला लावते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली.

मेलेल्या जनावराच्या कातड्या-हाडांतून मिळणारे उत्पन्न महारांनी का सोडावे, असा हिशेब त्या काळी मांडला जात होता. हा हिशेब आजच्या परिभाषेत सांगायचा तर ‘टाकाऊतून मूल्यनिर्मिती’चा आहे. आंबेडकरांनी तो नाकारला, कारण त्यात एक रकाना नव्हता. फायदा इतकाच मोठा असेल तर ज्यांनी ते काम आजवर केले नाही त्यांनी ते का घेतले नाही, हा प्रश्न त्या रकान्यात बसला असता. या नकाराची किंमत गावोगाव मोजावी लागली : बलुते बंद झाले, बहिष्कार पडला, मार बसला. तरीही नकार टिकला.

दया पवार यांच्या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे शीर्षक ‘बलुतं’ आहे, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या इतिहासालाही महत्त्वाची आहे. आत्रे यांच्या ग्रंथात बलुते ही कुणब्याच्या राशीतून वजा होणारी बाब आहे. दया पवारांच्या ग्रंथात ती घेणाऱ्याच्या पदरात पडलेली वाट्याची रीत आहे. एकच शब्द खळ्याच्या दोन बाजूंनी पाहिला गेला. गावगाड्याची चर्चा यापैकी एकाच ग्रंथावर करणे आता शक्य नाही. तौलनिक अभ्यासकाला येथे ‘हाकाइ’ची आठवण होईल, पण फरकही दिसेल. तेथे नायक कबुली देऊन देश सोडायला निघतो, येथे निवेदक आपल्या वाट्याचे नाव घेऊन समाजाशी बोलतो.

हा नकार भूतकाळात जमा झालेला नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना तालुक्यात मृत गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर सुरेंद्रनगर येथे मृत जनावरे सरकारी कचेरीसमोर आणून टाकण्यात आली आणि अनेक गावांत ती उचलण्यास नकार देण्यात आला. जनावरे पडून राहिली तेव्हा गावगाड्याचा आस कोठे होता, हे सर्वांना दिसले. चाक फिरत असते तोवर आसाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

५. इंदूर, वर्धा, कणकवली

चक्र राखावे आणि जन्माची सक्ती काढावी, असा प्रयत्न झाला नाही असे नाही. होळकरांच्या इंदुरात १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांच्या थरांतून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने ‘इंदूर पद्धती’ जगभर गेली. हॉवर्ड यांच्या विचारावर चीन, कोरिया आणि जपानच्या शेतीचे वर्णन करणाऱ्या एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या ग्रंथाचा प्रभाव होता. म्हणजे पूर्व आशियातील शेतकऱ्याची रीत एका अमेरिकी प्रवाशाच्या ग्रंथातून इंदुरात आली, तेथे मराठी सहकाऱ्याच्या हातभाराने शास्त्रीय झाली आणि मग इंग्लंडातील सेंद्रिय शेतीच्या चळवळीत शिरली. या प्रवासाच्या बहुतेक कथनांत हॉवर्ड यांचे नाव राहते आणि वाड यांचे गळते, हेही नोंदवले पाहिजे.

१९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत अशाच प्रयोगांना घर दिले. जे. सी. कुमारप्पा यांनी तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात टिकाऊ अर्थरचनेची कल्पना मांडली. निसर्गाच्या चालू उत्पन्नावर जगणारी आणि त्याच्या साठ्यावर जगणारी, असे अर्थरचनांचे दोन प्रकार त्यांनी केले; आजच्या चर्चेतील बराचसा भाग या भेदात आधीच आलेला आहे. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर मृत जनावरांच्या कातड्याचे चर्मालय चालवीत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकामाला व्रताचे रूप दिले. रत्नागिरीच्या तुरुंगात हे काम मिळावे म्हणून त्यांनी १९३२ साली उपवास केला आणि गांधीजींनी त्याला उपवासानेच पाठिंबा दिला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी सोनखत, संडास आणि चर्मकाम यांचे प्रयोग केले.

या प्रयत्नांची नैतिक उंची वादातीत आहे. परंतु टिकाऊपणाच्या कसोटीवर त्यांचे दोन दुबळे दुवे दिसतात. पहिला श्रमाचा. इंदूर पद्धतीत ढीग रचणे, भिजवणे आणि पुनःपुन्हा उलटणे याला मजुरी लागते. १९५१ साली सिंद्रीचा खतकारखाना सुरू झाला आणि पुढे सरकारी साहाय्याने रासायनिक खत स्वस्त मिळू लागले, तेव्हा ही मजुरी शेतकऱ्याला परवडेनाशी झाली. दुसरा दुवा स्वेच्छेचा. ब्राह्मण कार्यकर्त्याने कातडे सोलणे हे व्रत होते. ते सोडण्याची मुभा त्याला होती. ज्याला ती मुभा नव्हती, त्याच्या दृष्टीने त्याच कामाचा अर्थ वेगळा होता. गांधीप्रणीत मार्ग काम पवित्र करू पाहत होता आणि आंबेडकरप्रणीत मार्ग काम आणि जन्म यांची गाठ तोडू पाहत होता. पहिल्या मार्गाने आश्रम उभे राहिले, पण गावातले काम त्याच हातांत राहिले. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले, ही त्याची साक्ष आहे.

६. पानिपत ते पुणे

आजच्या चक्राकार उद्योगाचे एक मोठे केंद्र पानिपत आहे. मराठी मनात या गावाचे नाव १७६१ च्या पराभवाशी जोडलेले असले, तरी जगाच्या वस्त्रव्यवहारात ते जुन्या लोकरी कपड्यांपासून नवे सूत काढणाऱ्या गिरण्यांसाठी ओळखले जाते. या तंत्राचा उगम यॉर्कशरमधील बॅटली येथे, १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ यांच्या प्रयोगात सांगतात. श्रीमंत देशांनी टाकलेले कपडे पानिपतात येतात, रंगांनुसार वेगळे होतात, फाडले जातात, पिंजले जातात आणि त्यांची घोंगडी व ब्लँकेटे होतात. पण गेल्या काही वर्षांत नव्या पॉलिएस्टरचे हलके, स्वस्त ब्लँकेट बाजारात आले आणि पुनर्वापरातील ब्लँकेटची मागणी खालावली. पुनर्वापराला नव्या कच्च्या मालाशी दरात स्पर्धा करावी लागते आणि खनिज तेल स्वस्त असताना ती हरते. एदोच्या मैल्याला जे झाले तेच येथे वेगळ्या रूपाने झाले.

द्रव्याच्या अंगानेही मर्यादा आहेत. पिंजलेल्या लोकरीचा धागा आखूड होतो. प्लास्टिकच्या बाटलीपासून केलेला कपडा सहसा पुन्हा बाटली होत नाही. प्रत्येक फेऱ्यात द्रव्याचा दर्जा उतरतो आणि ऊर्जा खर्ची पडते, या गोष्टीकडे निकोलस जॉर्जेस्कु-रोगेन यांनी १९७१ सालीच अर्थशास्त्राचे लक्ष वेधले होते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशाविषयी दाखवले होते की, वापरातील काटकसर एकूण खप वाढवू शकते. २०१७ साली ट्रेव्हर झिंक आणि रोलंड गायर यांनी हाच तर्क पुनर्वापराला लावला : पुनर्वापरित वस्तू नव्या वस्तूची जागा घेण्याऐवजी तिच्या जोडीला विकली गेली, तर एकूण उत्पादन वाढतेच. ‘सर्कल इकॉनॉमी’ या संस्थेच्या अहवालांनुसार जागतिक अर्थव्यवस्थेत परत फिरणाऱ्या द्रव्याचे प्रमाण २०१८ च्या अहवालात ९.१ टक्के होते, ते २०२३ च्या अहवालात ७.२ टक्क्यांवर आले. घोषणा वाढल्या त्या काळात प्रमाण घटले.

तिसऱ्या अंगाने पुण्याचा दाखला महत्त्वाचा आहे. १९९३ साली येथे कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. त्यांत १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबांतल्या अनेकजणी. गावगाड्यातून निसटलेल्या माणसांच्या हाती शहराने पुन्हा टाकाऊच दिले, हा इतिहासाचा क्रूर योगायोग नव्हे. त्यामागे तीच रचना आहे. संघटनेने या कामाला श्रम म्हणून मान्यता मागितली, ओळखपत्रे मिळवली आणि २००८ साली ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेद्वारे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम शुल्क घेऊन सुरू केले. आंबेडकरांनी सांगितलेला काम सोडण्याचा हक्क आणि संघटनेने मागितलेला कामावरचा हक्क यांत वरवर विरोध दिसतो. पण दोन्हींचा पाया एक आहे. काम करणाऱ्याला त्याचा दर ठरवता आला पाहिजे आणि ते नाकारता आले पाहिजे. या दोन्ही गोष्टी पुण्यातही अजून पुरत्या साधलेल्या नाहीत; कराराचे नूतनीकरण आणि खासगी ठेकेदारांची स्पर्धा यांवर त्या अवलंबून राहतात, आणि पुढची पिढी याच कामात राहणार का, हा प्रश्न उरतोच.

७. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. दख्खनचे गाव किंवा एदो यांची चक्रे पूर्णतः बंदिस्त नव्हती. त्यांच्या कडेला कुठेतरी आटणारे कुरण, निर्यात होणारे हाड किंवा राबवले जाणारे आयनू होते. त्यामुळे चक्राची सीमा कोठे आखली आहे, हे विचारल्याखेरीज त्याच्या टिकाऊपणाचे मोजमाप करू नये. दुसरे, ही चक्रे टंचाईवर उभी होती. पर्यायी माल स्वस्त झाला की ती मोडली. तेव्हा पुनर्वापराला उत्तेजन देत असतानाच नव्या कच्च्या मालावर मर्यादा न घालणारे धोरण इतिहासाच्या दृष्टीने अल्पायुषी ठरते. तिसरे, ही चक्रे जेथे दीर्घकाळ टिकली तेथे ती बहुधा जन्माच्या सक्तीवर टिकली. सक्तीने मिळवलेल्या टिकाऊपणाला ‘शाश्वत’ हा शब्द लावताना मराठी लेखकाने थबकावे, कारण या शब्दाला आपल्या परंपरेत मांगल्याचा वास आहे, आणि जातिव्यवस्थेच्या समर्थकांनीही आपली रचना शाश्वत असल्याचाच दावा केला होता.

गोधडीची ऊब आणि मोटेचे पाणी यांचे स्मरण ठेवू नये, असा याचा अर्थ नाही. द्रव्य परत फिरवण्याचे कौशल्य या समाजात होते आणि त्याची आज गरज आहे. मात्र ते कौशल्य ज्यांच्या हातांत होते त्यांनी ते का टाकून दिले, हे त्यांच्याच शब्दांत वाचल्याशिवाय ते परत मागता येणार नाही. अर्थशास्त्राने मोजमापाची साधने दिली आहेत. नकाराची नोंद मात्र आत्मकथनांत, परिषदांच्या ठरावांत आणि कादंबऱ्यांत आहे. चक्राकार धोरणांचे मूल्यमापन करणाऱ्यांच्या टेबलावर या नोंदी पोहोचवणे हे साहित्याच्या तौलनिक अभ्यासकांचेही काम आहे.